शेठच्या गाडीला चारही चाकांचा जोर

आयुष्यभर मी लोकांच्या गाड्या खालून पाहिल्या, आणि लोकांना पायांवरून ओळखलं. धुळ्याला आग्रा रोडवर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर पत्र्याचं छप्पर, मध्ये खड्डा आणि कडेला एक कडुनिंब. गिऱ्हाईक यायचं तेव्हा मी बहुधा गाडीखाली आडवा असायचो. वकिलाचे बूट कायम घाईत असत. सरकारी माणूस उभ्याउभ्या टाच आपटायचा. व्यापारी एका जागी थांबायचाच नाही, गाडीभोवती फेऱ्या मारत राहायचा. मिस्त्रीने आपलं काही काढून तर घेतलं नाही ना, हे त्याला दर फेरीला नव्याने बघायचं असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या काळात आम्ही काय काय केलं ते आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, म्हणून मोटारींना मागे लोणारी कोळशाची भट्टी बसवायची आणि तिच्या धुरावर इंजिन चालवायचं. सपाटीवर गाडी बरी चालायची. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे आणि धुळ्याला पोचेपर्यंत सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे झालेले असायचे. शिरपूरकडचे एक जहागीरदार होते. त्यांची मोटार वर्षभर गोठ्यात उभी, आणि दसऱ्याच्या आधी ती बैलांनी ओढून माझ्याकडे आणायचे. पूजेच्या दिवशी ती फक्त गुरगुरली पाहिजे, चालली नाही तरी चालेल, असा हुकूम असायचा. एका वर्षी गादीखाली कोंबडीची अंडी निघाली. तीही मी नीट टोपलीत घालून परत केली, नाहीतर मिस्त्रीने अंडी खाल्ली असं पंचक्रोशीत झालं असतं.

पण माझ्या हातून झालेलं एकच काम सांगा असं कुणी म्हटलं, तर मी रूपचंद शेठच्या गाडीचं सांगेन. तसं काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि त्याचं कौतुक म्हणाल तर तेही झालं नाही. का झालं नाही, तेच आज सांगायचं आहे.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाडीखालून मला मारवाडी जोडा दिसला. तो फेऱ्या मारत नव्हता. एका जागी उभा होता, अगदी स्थिर. मी बाहेर आलो. पन्नाशीचा माणूस, डोक्याला पगडी, आवाज हळू. त्यांचं पहूरच्या पुढे काही मैलांवर एका खेड्यात किराणा-कापडाचं दुकान होतं. आजोबा मारवाडातून आले, तेव्हापासून तिथेच. कापूस घेऊन बोदवडच्या जिनिंगला पाठवायचा, म्हणून एक लहान लॉरी ठेवलेली. पुढे दोन माणसं बसायची जागा आणि मागे उघडा हौदा, आता ज्याला पिकअप म्हणतात तशी.

"मिस्त्री, हिची पुढची चाकंसुद्धा ओढतील असं करता येईल का? लष्कराच्या गाडीसारखं?"

बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगतो. साध्या गाडीत इंजिनाचा जोर एका लांब दांड्याने मागे जातो. मागच्या कण्याच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटातल्या दातऱ्यांनी मागची दोन चाकं फिरतात. पुढची चाकं नुसती वाट दाखवतात, ओढत नाहीत. काळ्या मातीचा चिखल झाला की मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. लष्कराच्या गाड्यांना मध्ये आणखी एक पेटी असायची. ती जोराचे दोन वाटे करून एक मागे पाठवायची, एक पुढे. आम्ही तिला वाटणीची पेटी म्हणायचो. मग पुढची चाकं ओढतात, मागची ढकलतात.

मी म्हटलं, "शेठ, हे काम खटपटीचं आहे. चिखलात अडकली तर गावात बैल आहेत की. आमची निम्मी गिऱ्हाइकं तेच करतात."

ते कडुनिंबाखालच्या बाकावर बसले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. आदल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी त्यांची सून अडली. पहिलंच बाळंतपण. सुईण म्हणाली, जळगावला दवाखान्यात न्या. गाव आणि पहूरची सडक यांच्यामध्ये एक नाला आहे, पूल नाही. पावसाने नाल्याचे काठ लोण्यासारखे झाले होते. लॉरी मधोमध रुतली. माणसांनी ढकलली, दोर लावून ओढली, हातांची सालं निघाली. गाडी निघाली तेव्हा दिवस कलला होता. सून वाचली. मूल गेलं.

"आणि बैल?" मी विचारलं.

"पोळा होता, मिस्त्री."

खानदेशात राहणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. वर्षभर ज्या खांद्याने ओढलं, त्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवायचं नाही. त्या दिवशी बैल धनी असतो आणि धनी चाकर.

"गावातल्यांनी नाही म्हटलं?"

"मी विचारलंच नाही." शेठ जमिनीकडे बघत म्हणाले. "आबा पाटलांची जोडी नाल्यापासून हाकेच्या अंतरावर उभी होती, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. तशी जोडी आमच्या भागात दुसरी नाही. आबा स्वतः चिखलात उतरून गाडी ढकलत होते. आमच्या तीन पिढ्या त्या गावात गेल्या, पण शेवटी आम्ही बाहेरून आलेले. त्यांच्या सणाच्या दिवशी त्यांच्या बैलांवर जू ठेवा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? आबाही काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांच्या समोर येत नाही. भांडण नाही, काही नाही. नुसतं येत नाही." मग म्हणाले, "सुनेला परत दिवस गेलेत. त्याच सुमाराला भरतायत. मला कुणापुढे हात पसरायची पाळी नको. गाडीनेच नाला काढला पाहिजे."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते काम येत नव्हतं.

त्या दिवसांत लष्कराच्या मोडक्या गाड्या लिलावात निघत होत्या. देवळालीकडच्या एका मैदानावर त्यांचा डोंगरच होता. आमच्या गल्लीतला दगा लोहार आणि मी तिथे गेलो. दगा म्हणजे अंगाने रेड्यासारखा आणि हाताने सोनारासारखा माणूस. गाडीचे पाटे, म्हणजे कण्यावरच्या स्प्रिंगा, तोच ठोकायचा, भोकंही तोच पाडायचा, आणि बोलताना थांबायचा नाही. त्या भंगारात उन्हातान्हात हिंडून आम्ही एका मोडक्या गाडीचा पुढचा कणा निवडला. दोन्ही टोकांना फिरते सांधे होते, म्हणजे चाक वळतंही आणि ओढतंही. वाटणीची पेटी दुसऱ्या गाडीची घेतली. कण्यातल्या दातऱ्यांचं प्रमाण शेठच्या गाडीच्या मागच्या गोळ्याशी जुळलं पाहिजे, नाहीतर पुढची चाकं एका चालीने आणि मागची दुसऱ्या चालीने धावतील. ते आम्ही तिथेच चाकाला खडूची खूण करून, हाताने फिरवून पाहिलं. जुळलं. आता घोडं गंगेत न्हालं असं आम्हाला वाटलं.

धुळ्याला येऊन बघतो तर पेटीचं पुढचं तोंड डावीकडे आणि कण्याचा गोळा उजवीकडे. मधला दांडा इंजिनाच्या पोटातून तिरका कसा नेणार? दगा म्हणाला, "त्यामा काय शे? कणा उलटा करी टाकू. गोळा डावीकडे ई जाई." मलाही पटलं. आख्खा कणा उताणा केला, गोळा बरोबर डावीकडे आला. दगाने नवीन बैठका घडवल्या, पाटे बसवले, मी दांडा जोडला. नारळ आणला, गल्लीतली माणसं जमली, हळद-कुंकू झालं. मी बसलो, गिअर टाकला, तांबड्या मुठीचा दांडा ओढून पुढची चाकं जोडली आणि क्लच सोडला.

गाडीने असा काही आळोखापिळोखा दिला की बघणारे मागे सरले. ती थरथरली, कण्हली, जागची हलली नाही आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. दगा वाकून चाकांकडे बघत होता. तो कपाळावर हात मारून ओरडला, "मिस्तरी, बंद कर! पुढला चाकं साक्रीले जाई ऱ्हायनात नि मांगला जळगावले जाई ऱ्हायनात! बठ्ठं उलटं व्हई गयं!"

तसंच होतं. कणा उताणा केला की चाकं उलटी फिरणार. समोर ठेवलेलं असूनही दोन कसलेल्या कारागिरांना ते दिसलं नव्हतं. गल्ली आठवडाभर हसत होती. जाणारा-येणारा विचारायचा, "काय मिस्त्री, गाडी कुठल्या गावाला निघाली?" हसण्याचं मला काही वाटलं नाही, पण आभाळ भरायला लागलं होतं आणि शेठच्या सुनेचे दिवस कुणासाठी थांबणार नव्हते. त्या दिवसांत मला भाकरी गोड लागली नाही.

शेवटी सुचलं ते सोपं होतं. कणा सुलटा ठेवायचा आणि पेटीच उलटी करायची. तिचं तोंड उजवीकडे येतं आणि फिरण्याची दिशा बदलत नाही. फक्त तेल ओतायचं भोक खाली गेलं आणि तेल सोडायचं वर आलं, म्हणून दगाने नवी भोकं पाडून जुनी बुजवली. या वेळी नारळ आणला नाही, माणसं बोलावली नाहीत. पांझरेच्या ओल्या वाळूत गाडी नेली आणि तांबडी मूठ ओढली. गाडी वाळूतून अशी निघाली जशी म्हैस पाण्यातून निघते, सावकाश, पण कुणाचं न ऐकता. दगा काठावर नाचला. मी नाचलो नाही, पण डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

शेठ गाडी न्यायला आले तेव्हा मी बजावलं, कोरड्या सडकेवर मूठ कधी ओढायची नाही, आतले दात भांडतात. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सुनेचे दिवस भरत येतील तेव्हा तुम्ही आमच्याकडे येऊन राहा. नवी जोडणी आहे, तुम्ही जवळ असलात म्हणजे मला धीर."

म्हणून पोळ्याच्या आधी मी त्या खेड्यात होतो. सुईणीच्या हिशेबाने अजून आठ-दहा दिवस होते, म्हणून अमावास्या उलटली की सुनेला जळगावला नातेवाइकांकडे नेऊन ठेवायचं ठरलं होतं. अमावास्येला गरोदर बाईला घराबाहेर काढायचं नाही, असं शेठाणीचं म्हणणं. आणि पोळा तर अमावास्येचाच. सकाळपासून पावसाची रिपरिप होती. गावात बैल धुवून, रंगवून झाले होते, तोरण बांधणं चाललं होतं. जेवणं आटोपतात तोच आतून सुईण आली आणि शेठच्या कानाशी काही बोलली. शेठ उठून थेट गाडीकडे गेले. शेठाणी आता अमावास्येचं काही बोलली नाही. तिने स्वतः हौद्यात गाद्या टाकल्या, वर ताडपत्री ओढली. सून मागे, तिच्यासोबत शेठाणी आणि सुईण. मी चालवायला बसलो, शेठ माझ्या शेजारी.

नाल्याशी आलो. काठ तसाच, लोण्यासारखा. मी मूठ ओढणार तेवढ्यात शेठ म्हणाले, "थांबा."

नाल्याच्या कडेला आबा पाटील उभे होते. काळा, उंच, म्हातारपणाकडे झुकलेला माणूस. हातात कासरा. बैलांची शिंगं ताज्या रंगाने चकाकत होती, झूल काढून बांधावर टाकली होती, आणि तूप चोळलेल्या खांद्यांवर जू होतं. मागे माणसं उभी होती. सुनेला घेऊन निघाल्याची बातमी नाल्यावर आमच्या आधी पोचली होती.

शेठ खाली उतरले. मला वाटलं, आबांना सांगायला उतरले की आता गरज नाही, बाजूला व्हा. ते आबांच्या पुढे गेले आणि त्यांनी हात जोडले.

"आबा, तुमची जोडी द्या."

आबांनी कासरा हाताला गुंडाळला. "औंदा तरी मांगता का नाही, तेच पाहू राह्यलो व्हतो, शेठ. मागच्या साली तुम्ही मांगलं नाही. मीबी इचारलं नाही. वर्षभर मले घास गेला नाही."

मला राग आला, तो लपवून काय करू? उन्हाळाभर ज्याच्यासाठी मी आणि दगाने हाडं झिजवली, ती गाडी समोर उभी, आणि हा माणूस बैल मागतोय! मी खिडकीतून ओरडलो, "शेठ, दोराची गरज नाही. गाडी काढते नाला."

शेठ खिडकीशी आले. हळूच म्हणाले, "ठाऊक आहे मला. लावू द्या दोर."

मागून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं, वाद घालायची वेळ नव्हती. दोराचा फास पुढच्या आकड्यात अडकला. आबा बैलांच्या डोक्याशी, शेठ त्यांच्या शेजारी, धोतर खोचून पाण्यात. मी मूठ ओढली आणि गाडी खाली घातली. पाणी कण्याला लागलं. मग चिखल आला. मागची चाकं थोडी घसरली आणि लगेच पुढच्यांनी पकड घेतली. ते मला सुकाणूच्या चाकात, माझ्या तळहातांत कळलं. गाडी चढायला लागली. आबा पुढे ओरडत होते, "हाँ पवळ्या! हाँ चांद्या! चाल माह्या राजा!" माणसं दोन्ही काठांवरून ओरडत होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर दोर ढिला पडून पाण्यात लोंबत होता. बैल पुढे चालत होते, गाडी त्यांच्या मागे आपल्या जोराने येत होती. दोन वेळा मला ब्रेकवर पाय ठेवावा लागला, नाहीतर गाडी बैलांवर गेली असती. काठावर पोचलो तेव्हा लोकांनी बैलांवर गुलाल उधळला. माझ्या गाडीच्या नाकावर पडला तो उडून आलेला.

शेठ चिखलाच्या पायांनीच आत बसले. मी मूठ सोडून सडकेला लागलो. जळगावच्या दवाखान्यात दिवेलागणीच्या आत मुलगी झाली, टाहो फोडत. शेठ व्हरांड्यात उकिडवे बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना पाणी दिलं आणि मग मीही त्यांच्याजवळ बसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत गावात आलो तर आबांच्या दारात पोळा होता. गावाचा होऊन गेला होता. ज्यांचा राहिला होता, त्या दोन बैलांचा आबांनी वेगळा मांडला होता. पुन्हा झूल, पुन्हा घुंगुरमाळा. शेठने आपल्या हाताने पुरणपोळी भरवली. आबा आणि शेठ एका पंगतीला, मांडीला मांडी लावून बसले. जो तो सांगत होता, आबाच्या जोडीने पोळ्याच्या दिवशी गाडी कशी उचलून काढली. एकाने तर बैलांचे खूर दगडात उमटल्याचंही सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही. मी निमूट पोळीवर तूप घेत होतो.

हात धुवायला उठलो तेव्हा आबा माझ्यामागे आले. इकडे-तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मिस्तरी, खरं सांगजा. दोर ढिला व्हता ना?"

माझ्या जन्माच्या कामाची पावती द्यायला एक माणूस स्वतः होऊन आला होता. मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही आबा. चढावर चांगला ताठ होता. जोडी नसती तर निघत नव्हती."

आबा हसले. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, जड, खरखरीत. "जलमभर बैलाच्या सोबत चाललो मी. दोर कव्हा ताठ आन् कव्हा ढिला, ते मले कळत नाही व्हय?" मग म्हणाले, "पन असंच सांगजा, बाप्पा. सगळ्यायले असंच सांगजा."

आबा हयात होते तोवर मी असंच सांगत आलो. चारही चाकांच्या जोडणीची कामं मला पुढे नंदुरबारकडून आली, साक्रीकडून आली. पहूरच्या बाजूने एकही आलं नाही. त्या भागात कुणी नव्या गाडीची गोष्ट काढली की लोक म्हणायचे, चाकांचं काय घेऊन बसलात, जोडी चांगली पाहिजे.